पाळीवरची आवळी

माय,

परवा तुझ्या आवळीवर एक माणूस थुंकला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची तांबडी, घट्ट पिचकारी. बुंध्यावर जिथं तू हळदीचं बोट टेकवायचीस, बरोबर तिथं. तो माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. शनिवारी मारुतीला तेल वाहिल्याशिवाय तो चहा घेत नाही. आणि त्या दिवशी तो झाड पाहायला आला होता, तेही त्या झाडाची पूजा करायची म्हणूनच. हे मी घरात बोललो नाही, मंडळात तर नाहीच नाही. तुझ्याशी बोलतो आहे, कारण ह्या सगळ्यात तुला न विचारता मी तुझं नाव वापरलं आहे.

मी आता नागपुरात, नंदनवन भागात राहतो. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी आहे, ती बरी चालली आहे. घरामागच्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी भजन असतं, तिथं मी टाळ धरतो. गाण्याचा गळा तू मला दिला नाहीस, पण ताल दिलास, तेवढ्यावर भागतं. ह्या मंडळाचं दरवर्षी कार्तिकात आवळी भोजन होतं. कसं होतं ते सांगितलं तर तू हसशील, किंवा हसणार नाहीस. आमच्या भागात आवळीचं झाड उरलेलं नाही. म्हणून मागच्या वर्षी कोणीतरी कुठून तरी आवळीची एक फांदी तोडून आणली, वाळू भरलेल्या बादलीत खोचली, ती बादली देवळाच्या गच्चीवर टेबलावर ठेवली आणि आम्ही सगळे पाळीपाळीने तिच्या बाजूला खुर्ची ओढून जेवलो. सावली पडायला हवी म्हणून एक जण बादली उन्हाकडे फिरवत होता. संध्याकाळपर्यंत पानं मान टाकून लोंबली. दुसऱ्या दिवशी ती फांदी मी कचऱ्याच्या गाडीत पाहिली, वर मठ्ठ्याचे ग्लास.

ते मनात राहिलं होतं. म्हणून ह्या वर्षी विषय निघाला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या गावाला, रामटेकच्या अलीकडे, मालगुजारांच्या काळचा तलाव आहे, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जुनी आवळी आहे आणि पाळीच्या पलीकडून जंगल सुरू होतं. मला वाटलं, लोक खाली बसतील, एक दिवस तरी पानावर जेवतील. मंडळाच्या अध्यक्षांचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे, त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. वहिनींनी टाळ्याच वाजवल्या. "तलाव, जंगल अन् आवळी, तिन्ही एकाच जागी? अन् इतके दिवस तुम्ही चूप बसून राहिले, भाऊ?"

त्या दिवसापासून फोनवरच्या मंडळाच्या ग्रुपवर जे सुरू झालं, ते मी रोज सकाळी उठल्याउठल्या वाचायचो. ह्याला ते नियोजन म्हणत. कोचिंग क्लास चालवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी सूत्रं हातात घेतली. सकाळी जंगलात जिप्सीतून फेरी, मग तलावात मोटारबोट, मग आवळी भोजन, मग तंबू ठोकून मुक्काम. वरून चित्रण करायला ड्रोन. भजनाला साऊंड, कारण "ओपनमध्ये आवाज फाटते, बेस पाहिजे". बायकांना आवळ्याच्या रंगाच्या साड्या. लहान मुलं वरणभात खात नाहीत म्हणून पावभाजीचा वेगळा काउंटर. एकानं विचारलं, वाघ नक्की दिसेल ना? त्यावर कोचिंगवाल्यांनी माझं नाव घालून लिहिलं, "भाऊंच्या गावचाच आहे वाघ, ते सांगून ठेवतील त्याला." सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. मीही पाठवला. नाही पाठवला तर माणूस चिडला असं समजतात.

हे वाचताना मला तुझा स्वयंपाक दिसायचा. आजही दिसतो आहे. तू अंधारातच उठलेली, चुलीपुढे बसून लाखोळीच्या डाळीचे वडे तळते आहेस आणि मी गोधडीतून वास घेतो आहे. नव्या धानाचा भात तू गावातून कधी शिजवून नेला नाहीस, तो तिथंच, पाळीच्या खाली, तीन दगडांवर शिजायचा. बाकी सगळं टोपलीत. पळसाची पानं बाबा वाटेतच तोडायचे आणि तू चालता चालता पत्रावळी टाचायचीस, खाली न बघता. तलाव दिसला की तू पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचीस. झाडापाशी गेल्यावर आधी बसायची नाहीस. हळदकुंकू लावायचीस, बुंध्याला दोरा गुंडाळायचीस आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायचीस, "आवळीबाई, बसतो वं तुया सावलीत. लेकरंबाळं हायेत, सांभाळून घे." मग जरा थांबायचीस. झाड काय म्हणतं ते ऐकायला थांबतेस असं मला वाटायचं, आणि मीही ऐकायचो. निघताना पत्रावळी बैलांपुढे, राख पाण्यानं विझवून शेतात, आणि तू पुन्हा झाडापाशी. "जातो वं. उष्टं नाही ठेवलं."

त्यातलाच एक दिवस. मी जेवून उठलो आणि वड्याच्या तेलानं माखलेले हात धुवायला सरळ तलावात बोटं बुडवली. पाण्यावर तेलाचा रंगीत डाग पसरला, तो मला आवडला, मी तो बघत होतो. तेवढ्यात पाठीत असा धपाटा बसला की मी गुडघ्यावर पडलो. "तलावात खरकटे हात धुतं? ढोरं पेतात ते पाणी, तुया बाप पेते, देव पेते. लोटा काहून आणला मंग मी?" लोट्यात पाणी घेऊन, तलावापासून लांब, शेताच्या धुऱ्यावर उभं करून तू माझे हात धुतलेस. चोळून चोळून. मी रडत होतो आणि तू तोंडानं रागावत होतीस, पण हातानं रागावत नव्हतीस. त्यानंतर मी कुठल्याच वाहत्या किंवा साचलेल्या पाण्यात कधी हात धुतला नाही. माझ्या बायकोला हे माझं खूळ वाटतं.

परवा आम्ही जागा पाहायला गेलो. अध्यक्षांची गाडी, अध्यक्ष, वहिनी, कोचिंगवाले आणि मी. वाटेत अध्यक्ष प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होते, एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं मांडीवर पन्नी. घोटून झालं की खर्रा तोंडात आणि पन्नी खिडकीबाहेर. "अहो, ती पन्नी तरी आत टाका," वहिनी म्हणाल्या. "गाडी खराब होते न," अध्यक्ष म्हणाले. गाडीत अगरबत्तीचा वास होता आणि पुढे काचेवर सोन्याच्या रंगाची गणपतीची मूर्ती.

तलाव पाहून तू ओळखला नसतास, असं म्हणणार होतो. पण तसं नाही. पाणी तेच आहे, पलीकडचं जंगल तेच आहे, आणि म्हणूनच जास्त किळस आली. सगळंच बदललं असतं तर मन मारता येतं. पाळीवर चढायच्या जागी वनखात्याचा फलक आहे, त्यावर वाघाचं चित्र, आणि त्या वाघाच्या तोंडावर लोक इतके थुंकले आहेत की त्यानं नुकतीच शिकार केली असं वाटावं. खाली काठाच्या लव्हाळ्यात थर्माकोलच्या ताटल्या अडकलेल्या. बाळाचं घाणेरडं लंगोट, प्लास्टिकचं, पाण्यात फुगून पांढऱ्या बेडकासारखं तरंगत होतं. दारूच्या बाटल्या दगडावर आपटून फोडलेल्या. पाणी सोडायच्या मोरीच्या भिंतीशी दोन पोरं लघवी करत होती, हसत, एकमेकांचा व्हिडिओ काढत. तूपभाताचा आंबूस वास येत होता, माश्यांचा एक काळा ढीग होता, त्याखाली काय आहे ते मी पाहिलं नाही. ह्या सगळ्याकडे पाहून वहिनी म्हणाल्या, "किती फ्रेश वाटून राहिलं न इथं!" त्यांनी पायातल्या चपला काढल्या नाहीत. मीही बूट काढले नाहीत. खाली काचा होत्या.

आवळी मात्र उभी आहे, माय. एक बाजू वाळली आहे, खोडाला ढोली पडली आहे, पण तलावाकडच्या बाजूला अशी लगडली आहे की फांद्या माणसाच्या खांद्यापर्यंत खाली आल्या आहेत. तिच्या जवळच, पाळीच्या कडेला, एक म्हातारी चुलीवर शिंगाडे उकडून विकत बसली होती. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू आमच्या मैतरणीचा पोरगा न गा?" म्हणाली. "नाक तिचंच हाय. पोट कोनाचं आनलं?" तुझ्याबरोबर धान रोवायला यायची ती, तुला आठवत असेल. मी वाकून नमस्कार केला. तिनं माझ्या हातात गरम शिंगाडे कोंबले, बोटं भाजली.

तेवढ्यात झाडाखाली नियोजन सुरू झालं होतं. "ह्या खालच्या दोन फांद्या उडवा लागते," अध्यक्ष म्हणाले. "साऊंडचा टेम्पो इथपर्यंत आणला पाहिजे." कोचिंगवाले बुंध्यावर हात थोपटत होते, म्हशीची पाठ थोपटतात तसे. "अन् भोवती ओटा बांधून टाकू. सिमेंट, वरून टाईल्स, मंडळाचं नाव. कायमचं काम होऊन जाते. पुढच्या वर्षी यायला आपली जागा पक्की." अध्यक्ष खूश झाले. "टाईल्स दुकानातून देतो. सोमवारी माणूस पाठवतो कटर घेऊन. फांद्या छाटल्या की मापं घेऊन घेईल."

मी म्हणालो, "झाड म्हातारं आहे. सिमेंट टाकलं तर मरेल. आणि ह्याच दोन फांद्यांना आवळे आहेत."

"भाऊ, देवाचं काम आहे. देव पाहून घेईल न," कोचिंगवाले म्हणाले.

"गावातल्या लोकांना विचारावं लागेल."

"त्यांना जेवू घालू. काय म्हणतात मग?"

त्यावर सगळे हसले आणि हसता हसता अध्यक्षांच्या तोंडातलं पाणी बाहेर यायला लागलं, म्हणून त्यांनी मान वळवली आणि जवळ जे होतं त्यावर ते थुंकले. जवळ आवळी होती.

"अहो! पूजेचं झाड आहे न ते!" वहिनी म्हणाल्या.

"गंगाजल टाकू न वं पूजेच्या दिवशी," ते म्हणाले आणि मनगटानं ओठ पुसले.

ओघळ हळूहळू खाली येत होता, सालीच्या भेगेभेगेतून. मला भांडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळेत गुरुजी मारायचे तेव्हाही मी हात पुढे करायचो. पण सोमवार माझ्या डोळ्यांपुढे आला, कटर घेऊन आलेला. आणि मी ऐकलं, माझाच आवाज होता, अगदी शांत, भजनानंतर सूचना देतात तसा. "वहिनी, एक सांगायचं राहिलं. ह्या झाडाखाली दहावा करतात."

"कोणाचा?"

"गावातल्यांचा. माझ्या मायचा इथंच झाला. इथंच बसून मी डोकं भादरलं. पिंड तिथं ठेवला होता, तुमच्या पायापाशी."

वहिनींनी पाय उचलला. खरंच उचलला, निखाऱ्यावर पडल्यासारखा, आणि मग तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. "इथं? इथं केस पडले? अन् तुम्ही आम्हाला इथं जेवायला आणत होते?"

तेव्हा शिंगाडेवाली चुलीत काडी सारत, वर न बघता म्हणाली, "मी होती न बाई तवा. कावळाच शिवेना. दुपार टळली, तरी शिवेना. मंग दर्भाचा कावळा केला. अजून अवसेले कावळे येऊन बसतेत त्या फांदीवर. त्याच, ज्या तुमी तोडून राहिले."

कोचिंगवाल्यांनी खिशातून बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळलं, कोपरापर्यंत. अध्यक्ष "राम राम राम" म्हणत उताराला लागले. वहिनी तर गाडीपाशी पोचल्यासुद्धा होत्या. पाहा माय. ते लंगोट त्यांना दिसलं नव्हतं, त्या बाटल्या, तो माश्यांचा ढीग, तो ओघळ, कशाचीही शिसारी आली नव्हती. एका मेलेल्या बाईच्या नावानं लेकानं काढलेले केस, जे तिथं कधी पडलेच नाहीत, त्यांची मात्र आली.

ते लांब गेल्यावर म्हातारी म्हणाली, "तुया मायचा दहावा तर रामटेकले, अंबाळ्याच्या तलावावर झाला होता न गा. मी आलती. तिले इथं काहून आणलं?"

"झाडासाठी, मावशी."

तिनं शिंगाडे हलवले. "हं. चालते तिले. जिती असती तर झाडू घेऊन आली असती, अन् तुयाही पाठीत घातला असता एक."

तिच्याजवळ प्यायच्या पाण्याची एक बाटली होती, ती तिनं मला दिली. मी ती बुंध्यावर ओतली आणि हातानं घासून ते सगळं काढलं. साल खरखरीत असते, भेगांत गेलेलं निघत नाही. बाटली संपली तरी थोडं राहिलंच. खालून हॉर्न वाजायला लागला होता. मी हात धुतले आणि गाडीत जाऊन बसलो. वहिनींनी पर्समधल्या डबीतलं गोमूत्र सगळ्यांवर शिंपडलं, माझ्यावर जरा जास्त. नागपूर येईपर्यंत अध्यक्षांनी दोनदा काच खाली केली.

आता ठरलं आहे ते असं. दुसऱ्या एका तलावाच्या काठी लॉन असलेलं रिसॉर्ट आहे, तिथं जायचं. तंबू तिथलेच, बोट तिथलीच. आवळी नाही, पण कोचिंगवाल्यांनी कळवलं आहे की फांदीची व्यवस्था होईल, ह्या वेळी मोठी आणू. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ती फांदी कुठल्या तरी झाडाची असणार आणि त्या झाडाखाली कोणाची तरी माय बसलेली असणार. मी फक्त माझी सोडवली. देवापुढे बसतो तेव्हा हे आडवं येतं. खोटं बोललो ह्याचं तितकं वाटत नाही, त्याबद्दल काय म्हणायचं ते मी मारुतीला म्हणून घेतलं आहे. पण मंडळात टाळ धरला की शेजारच्या तोंडाचा तो गोडसर, चुन्याचा वास येतो, आणि देवाच्या नावाबरोबर तोच आत जातो. उठून जावंसं वाटतं. मी उठत नाही. आरतीनंतर अध्यक्ष प्रसाद वाटतात आणि मी हात पुढे करतो.

दुसरं एक झालं आहे, ते जास्त लागलं. माझ्या मनात ह्या वर्षी, मंडळाचं काय व्हायचं ते होवो, आम्ही नवराबायकोनं तुझ्या आवळीखाली जायचं होतं. बायकोला तू पाहिलं नाहीस, तू गेल्यावर लग्न झालं. तिला मी ते झाड कधी दाखवलं नव्हतं. लाखोळीची डाळही आणून ठेवली होती. पण आम्ही घरी पोचायच्या आधीच वहिनींचा फोन येऊन गेला होता. दारातच तिनं मला आंघोळीला पाठवलं. मग जेवताना म्हणाली, "सासूबाईंचा दहावा झाला त्या झाडाखाली तुम्ही मले जेवाले नेणार होते? मले सांगाले नको काय?" खरं सांगितलं तर ती पोटात ठेवणार नाही, दुपारच्या आत वहिनींना कळेल आणि सोमवारी कटर निघेल. म्हणून मी मान खाली घालून भात कालवला. आता ती तिथं कधीच येणार नाही. तुझी सून आणि तुझी आवळी, दोघींची भेट मी मोडली.

एकटाच जाईन. डबा करून घेईन, डाळ भिजवली की वडे कसे करायचे ते विचारणार नाही, येतील तसे येतील. आधी थांबेन, "बसतो वं" म्हणेन आणि ऐकेन. हा कागद तिथंच बुंध्याशी पुरावा असं लिहिता लिहिता मनात आलं होतं. पण तू म्हणशील, इथं कागद काहून टाकून राहिला? म्हणून तो खिशात नेईन आणि खिशातच परत आणीन.

एवढं मात्र तुला सांगितल्याशिवाय हा कागद मिटता येत नाही. त्या दिवशी बाटलीतलं सगळं पाणी झाडालाच लागलं. माझे हात लाल झाले होते, दुसऱ्याच्या थुंकीनं, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मला ते क्षणभरही अंगावर सहन होईना. लोटा नव्हता. खालून हॉर्न वाजत होता. मी पाळ उतरलो, खाली बसलो आणि हात तलावातच धुतले, माय.